कोषात अळीचं खरंच पाणी होतं का?

कढीपत्ता_कुंडी
आमच्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात कॉमन मॉरमॉन फुलपाखराच्या अळ्या येतात. आधी पक्ष्याची शीट वाटावी अशा, मग हिरव्यागार. डिवचलं की डोक्यामागून लाल दुहेरी शिंग काढून घाण वास सोडतात. पाला फस्त होतो, मी चालवून घेते.

यंदा कुंडी सरकवताना एक कोष काडीसकट पायाखाली आला. आतून पिवळट-पांढरा चीक निघाला. पाय नाहीत, पंख नाहीत, अळी तर नाहीच. लेक लगेच म्हणाली, "आई, अळीचं आत सूप होतं. सगळी विरघळते आणि त्यातून फुलपाखरू बनतं." शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं.

मला हे पटत नाहीये. सगळंच विरघळलं तर जिवंत कोण राहिलं? श्वास कोण घेतं? कीटकांना हृदय असतं ना, त्याचं काय होतं? जाणकारांनी सांगावं. गूगलवर प्रत्येक पान दुसऱ्या पानाची नक्कल आहे.

टवाळ_बंड्या
माझं दर सोमवारी सकाळी असंच पाणी होतं. पुढे फुलपाखरू निघाल्याची नोंद नाही.

मीठमिरची
वाचतेय. आमच्याकडेही शाळेत हेच सांगितलंय.

निवृत्त_मास्तर
कढीपत्ता ताई, प्रश्न चांगला आहे. मी कॉलेजात अनेक वर्षं प्राणीशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिल्यांदा तो चीक. कीटकांत आपल्यासारख्या बंद रक्तवाहिन्या नसतात. पाठीच्या मधोमध एक लांब नळी असते, तेच हृदय. ती रक्त डोक्याकडे ढकलते आणि तिथून ते पोकळीत मोकळं सुटतं. आतडं, स्नायू, चेतातंतू सगळे त्यात बुडालेले असतात. या रक्ताला हिमोलिंफ म्हणतात. ऑक्सिजन वाहण्याचं काम त्याच्याकडे नाही, म्हणून ते लालही नाही. हवा थेट कुशीवरच्या भोकांतून आत शिरते आणि श्वासनलिकांच्या जाळ्यातून पेशींपर्यंत पोचते. थोडक्यात, कुठलाही कीटक चिरडा, आधी द्रवच निघणार. कोषात त्यात मेदकायेची भर पडते. अळीने खाऊन साठवलेली चरबी, प्रथिनं आणि ग्लायकोजेन या मेदकायेत असतात. कोषावस्थेत तिचे पदर सुटतात आणि सुट्या पेशी रक्तात तरंगू लागतात. तुम्हाला दिसलेला दुधाळपणा बराचसा त्यांचाच.

आता विरघळण्याचं. अळीचे बरेच स्नायू मोडले जातात. आतड्याचं अस्तर सुटून आत पडतं आणि नवं तयार होतं. पोटाखालचे मांसल खोटे पाय जातात. पण हृदयाची नळी राहते आणि धडधडतही राहते. कोषात ती अधूनमधून उलट्या दिशेनेही रक्त ढकलते. मेंदू आणि पोटाकडून जाणारी चेतारज्जू राहते, तिच्या काही गाठी एकमेकींत मिसळून ती आखूड होते. श्वासनलिका राहतात, त्यांची फेररचना होते. माल्पिघी नलिका, म्हणजे कीटकाची मूत्रपिंडं म्हणा, बऱ्याच अंशी त्याच राहतात.

आणि मुख्य गोष्ट. पंखांची सुरुवात कोषात होत नाहीच. अळीच्या छातीत कातडीखाली पेशींच्या चपट्या गाद्या लपलेल्या असतात. शेवटच्या अवस्थेत त्या वेगाने वाढतात. अळी शेवटची कात टाकते त्या क्षणी पंख, लांब शृंगिका (मिशा), सोंड हे सगळं बाहेर येऊन अंगाला चिकटतं आणि वरचा थर टणक होतो. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी अगदी ताजा कोष भिंगाखाली धरा. पंखांच्या कडा आणि शृंगिकांच्या रेघा पहिल्याच दिवशी वर उमटलेल्या दिसतील. आत नुसतं सूप असतं तर त्या रेघा आल्या कुठून?

मीठमिरची
बापरे! म्हणजे अळी झाडावर पाला खात असते तेव्हाच तिच्या आत पंख असतात?

निवृत्त_मास्तर
पंखांचा पाया असतो. खवले, रंग, शिरांची पक्की बांधणी हे कोषात होतं.

अंधेरी_लोकल
सर, हे आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासासारखं झालं. पाडापाडी चालू, पण पाण्याची लाईन आणि मीटर रूम चालूच, कारण रहिवासी हललेच नाहीत.

टवाळ_बंड्या
ट्रान्झिट कॅम्प न देता पुनर्विकास! या बिल्डरचा नंबर मिळेल का?

कोकणकाठ
बिल्डर बदलतो कधी कधी. मी घरी अळ्या वाढवतो. कित्येकदा कोष नीट होतो, आपण वाट बघत बसतो आणि एक दिवस त्यातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या जातीची बारकी माशी बाहेर पडते. मादीने आधीच आत अंडं घातलेलं असतं. तिचं पिल्लू आतून खातं आणि यजमानाच्याच कोषात मोठं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

सगुणा_कीर्तनप्रेमी
कोकणकाठ यांच्या प्रतिसादावरून भ्रमरकीटन्याय आठवला. कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीने तिचाच ध्यास घेते आणि शेवटी कुंभारीणच होऊन बाहेर पडते. संतवाङ्मयात हा दाखला ठिकठिकाणी येतो, कीर्तनात तर हमखास. त्यात किती तथ्य?

निवृत्त_मास्तर
सगुणाताई, निरीक्षण खरं आहे. मडक्यात अळी जाते आणि मडक्यातून कुंभारीण निघते. मधलं कुणाला दिसत नव्हतं. कुंभारीण मडकं घडवते, छताला बारीक धाग्याने अंडं टांगते, मग डंख मारून लुळ्या केलेल्या अळ्या आत भरते आणि तोंड लिंपते. अळ्या जिवंत असतात, हलत नाहीत, म्हणून सडत नाहीत. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या खातं, तिथेच कोषात जातं आणि पंख घेऊन भिंत फोडतं.

सगुणा_कीर्तनप्रेमी
समजलं. दृष्टांत भक्ताच्या ध्यासासाठी आहे, त्याला धक्का लागत नाही. पण यापुढे बुवांनी सांगितला की मला ती लुळी अळी दिसणार.

दप्तरदार
थोडा इतिहास. ॲरिस्टॉटल कोषाला एक प्रकारचं अंडंच मानायचा. रक्ताभिसरण शोधणारा हार्वेही १६५१ साली त्याच वाटेने गेला. त्या मताने अळी संपते आणि आकार नसलेल्या द्रव्यातून नवा जीव घडतो. आजच्या व्हिडिओतलं सूप म्हणजे त्याच मताचा नवा अवतार.

मग १६६९ उजाडलं. ॲमस्टरडॅमच्या यान स्वामरडामने कीटकांवरचा ग्रंथ काढला. कोषात जायच्या बेतात असलेल्या अळीची कातडी सोलून तो आत दुमडलेले पंख आणि पाय लोकांना दाखवत असे. ज्याला सगळे मधमाश्यांचा राजा म्हणत होते त्याच्या पोटात अंडाशय आहे हेही त्याने दाखवलं. त्याच साली इटलीच्या माल्पिघीचं रेशीमकिड्यावरचं पुस्तक लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलं. कीटकाच्या आतल्या रचनेचं इतकं बारकाईचं वर्णन त्याआधी झालं नव्हतं. फुप्फुसं नाहीत, हवेच्या नळ्या आहेत, हे त्यातच आहे. वर मास्तरांनी सांगितलेल्या नलिकांना नाव त्याचंच.

स्वामरडामने मात्र दुसरं टोक गाठलं. त्याच्या मते अळीच्या आत फुलपाखरू तयारच असतं, फक्त लपलेलं. तेही खरं नाही.

तुतीचा_मळा
रामराम मंडळी. बीड जिल्ह्यातून लिहितो, रेशीम करतो. धागा वाचून राहवलं नाही.

आमची अळी चार वेळा कात टाकते. आम्ही म्हणतो मोल्टला बसली. खाणं बंद, डोकं वर करून गप. त्या टायमाला पाला टाकायचा नाही, वरून चुना भुरभुरायचा म्हणजे बेड कोरडा राहतो. पाचव्या अवस्थेत घरातली सगळी माणसं कामाला लावते एवढं खाते. पिकली की अंग पिवळसर होऊन आरपार दिसायला लागतं, शेवटची पातळ घाण टाकते आणि मग आपण तिला चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या चौकटीवर, सोडतो.

कोष विणायला दोन-तीन दिवस लागतात, पण लगेच काढायचा नाही. आत अळी आक्रसते, कात टाकते, मग प्युपा होते, म्हणजे रेशमाच्या कोषातला कोषावस्थेतला किडा. ताजा प्युपा इतका नाजूक की जोरात हलवला तरी फुटतो आणि कोष आतून डागाळतो. डागी कोषाला भाव नाही. पाच-सहा दिवस थांबलं की प्युपा तपकिरी, टणक होतो, कानाशी धरून हलवला की खुळखुळतो. जालन्याच्या बाजारात व्यापारी आधी दोन-चार कोष कापून प्युपाच बघतो.

तर ताई, ताजा दाबला तर दुधासारखं निघतं हे खरं. पण आठवडा उलटलेला सोलून बघा. काळे डोळे दिसतात, पंखांची घडी दिसते.

माझी एक शंका. अळीच्या पोटात रेशमाच्या दोन लांब पिशव्या असतात. पाचव्या अवस्थेत निम्मं पोट त्यांनीच भरल्यागत वाटतं. पतंगात त्या नसतात. जातात कुठं?

निवृत्त_मास्तर
तुतीचा मळा, तुमच्या एका प्रतिसादात माझं अख्खं सत्र आलं. त्या ग्रंथी स्वतःला संपवतात. संप्रेरकाचा संदेश आला की त्यांच्या पेशी ठरलेल्या क्रमाने आतून मोडतात आणि माल पुढच्या बांधकामाला जातो. गंमत अशी की अंड्यातून बाहेर आल्यावर त्या ग्रंथीत नव्या पेशी वाढत नाहीत. आहेत त्याच फुगत जातात, आत डीएनएच्या प्रती वाढत जातात.

आणि तुमचा पतंग काही खातो का? नाही. तोंड असून नसल्यासारखं. मादी चारेकशे अंडी घालते, ती सगळी अळीने खाल्लेल्या तुतीची. जुनी सामग्री वाया घालवणं तिला परवडणारच नाही.

स्पष्टवक्ता_नगर
सगळं वाचलं. पेशी मरतात, पचतात, त्याच मालातून नवं बनतं. मग पाणी होतं म्हटलं तर बिघडलं काय? मी एमएस्सीला फळमाशीवर काम केलंय. तिच्या अळीला पाय नाहीत, धड डोकं नाही. कोषात तिची जवळजवळ सगळी बाहेरची कातडी बदलते. डोळा, पाय, पंख सगळे त्या पेशींच्या गाद्यांतून नव्याने उभे राहतात. तुम्ही लोक फुलपाखराचं उदाहरण घेऊन सगळ्या कीटकांना लावताय.

कढीपत्ता_कुंडी
अहो पण मी फुलपाखराचंच विचारलं होतं :)

अणुरेणू
बॉस्टनहून. सुरुवात कधी करायची हे अळीला कसं कळतं, हे कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. दोन संप्रेरकं मुख्य. छातीतल्या ग्रंथीतून एक्डायसोन येतं, ते म्हणतं कात टाक. मेंदूमागच्या दोन टिकल्यांएवढ्या ग्रंथींतून ज्युवेनाईल हॉर्मोन येतं, ते म्हणतं अजून लहानच राहा. दोन्ही असली तर अळी कात टाकून मोठी अळी होते. दुसरं आटलं की कोषाकडे वाटचाल.

एक्डायसोन शुद्ध रूपात पहिल्यांदा मिळवलं बुटेनांट आणि कार्लसन यांनी जर्मनीत, १९५४ साली. त्यासाठी रेशीमकिड्यांचे सुमारे ५०० किलो प्युपे लागले. हाती आले २५ मिलिग्रॅम.

दुसऱ्या संप्रेरकाची गोष्ट आमच्या शेजारच्या हार्वर्डची. १९६०च्या दशकात कारेल स्लामा नावाचे झेक संशोधक तिथे आपले लाल ढेकूण घेऊन आले. हे झाडावरचे, रक्त पिणारे नव्हेत. प्रागमध्ये ते नीट वाढत, इथे मात्र मोठेच होईनात. एक जादा कात टाकून पुन्हा पिल्लूच, आणि मरत. पाणी, अन्न, हवा सगळं तपासलं. दोषी निघाला डब्यात घातलेला अमेरिकन कागद! ज्या फर झाडाच्या लगद्यापासून तो बनतो त्यात ज्युवेनाईल हॉर्मोनसारखं काम करणारं द्रव्य असतं. मग त्यांनी वर्तमानपत्रं लावून पाहिली. अमेरिकन पेपरवर ढेकूण लहानच राहिले, लंडनच्या पेपरवर वयात आले.

टवाळ_बंड्या
आमच्याकडे टीव्हीवरच्या चर्चा पाहून माणसं लहान राहतात. द्रव्य शोधायला हवं.

तुतीचा_मळा
अणुरेणू भाऊ, तुम्ही हे लिहिलं आणि मला एका बॅचचा उलगडा झाला. शेजारच्या कापसावर पांढऱ्या माशीसाठी फवारणी झाली होती, वारं आमच्या तुतीकडं होतं. अळ्या मेल्या नाहीत. उलट दिवस भरले तरी खातच राहिल्या, मोठ्या झाल्या, पण कोषच करेनात. चंद्रिकेवर टाकल्या तरी इकडून तिकडं नुसत्या फिरत राहिल्या. लोक म्हणाले पाल्यात दोष आहे.

शिवार_सल्ला
शंभर टक्के तेच. पांढऱ्या माशीसाठी पायरीप्रॉक्सीफेन मारतात, ते ज्युवेनाईल हॉर्मोनची नक्कल करतं. त्याचा अंश पाल्यावर आला तर रेशीम अळी कोष विणत नाही. इटलीत फेनॉक्सीकार्ब नावाच्या याच जातीच्या औषधाने रेशीम उत्पादकांचं असंच नुकसान झालं होतं. तुतीच्या बाजूला कापूस असेल तर फवारणीआधी शेजाऱ्याशी बोलून ठेवा आणि फवारणीनंतर त्या कडेचा पाला तोडू नका.

रच्याकने, हेच ज्ञान आपण उलटही वापरतो. नोव्हाल्युरॉन अळीला नवी कातडी बनवू देत नाही. अळी कात टाकायला जाते आणि तिथेच अडकते. म्हणून फवारल्या दिवशी काहीच घडत नाही आणि शेतकरी दुकानदाराला शिव्या देतो, "औषध पाणी आहे!" दोन-तीन दिवस थांबावं लागतं. पतंगावर त्याचा उपयोग नाही, तो कात टाकतच नाही. निंबोळी अर्कातला आझाडिरॅक्टिनही कात टाकण्याच्याच कामात खोडा घालतो.

तुतीचा_मळा
आणि आमच्यात उलटं टॉनिकबी आहे. अळ्या पिकायला लागल्या की पाल्यावर वनस्पतीपासून काढलेलं कात टाकायचं संप्रेरक शिंपडतात, म्हणजे सगळ्या एकदमच कोषाला लागतात. मजुरी वाचते. ते एक्डायसोनच्याच घरचं असणार, आज कळलं.

मीठमिरची
कात टाकतात म्हणजे फक्त वरची साल ना?

निवृत्त_मास्तर
नाही. आतड्याच्या पुढच्या आणि मागच्या भागाचं अस्तर आणि श्वासनलिकांचं अस्तरही सालीबरोबर ओढून बाहेर येतं. टाकलेली कात पाण्यात भिजवून पाहिलीत तर कुशीतल्या भोकांपासून निघालेले पांढरे दोरे दिसतील. त्या श्वासनलिका. म्हणूनच अळी मोल्टला बसलेली असताना तिला हलवायचं नसतं.

अंधेरी_लोकल
अवांतर: झुरळाचा कोष कधी पाहिला नाही. अकरावीला त्याच्या तेरा कप्प्यांच्या हृदयाची आकृती काढून हात दुखले होते.

निवृत्त_मास्तर
झुरळाला कोष नाही. पिल्लू मोठ्यासारखंच दिसतं, फक्त पंख नसतात, आणि कात टाकत टाकत मोठं होतं. नाकतोडा, ढेकूण, चतुर यांनाही कोष नाही.

टवाळ_बंड्या
आणि डोकं तुटलं तरी आठवडाभर जगतं. आमच्या ऑफिसात असे बरेच आहेत.

कोकणकाठ
बंड्या :) पण ते खरं आहे. श्वास कुशीवरच्या भोकांनी, रक्ताला दाब फारसा नाही, म्हणून भळाभळा वाहून जात नाही. शेवटी तहानेने मरतं.

कढीपत्ता_कुंडी
सगळ्यांना धन्यवाद, लेक शेजारी बसून वाचतेय. तिचा पुढचा प्रश्न असा. मेंदू राहतो म्हणता, मग फुलपाखराला अळी असतानाचं काही आठवतं का?

अणुरेणू
यावर २००८ साली अमेरिकेत जॉर्जटाऊन विद्यापीठात प्रयोग झाला. तंबाखूवरच्या शिंगाळ्या अळीला एक रासायनिक वास देऊन सौम्य विजेचा झटका दिला. अळ्या तो वास टाळायला शिकल्या. पुढे पतंग झाल्यावर त्यांची परीक्षा घेतली. पाचव्या अवस्थेत शिकलेल्यांपैकी बहुतेकांनी वास टाळला, तिसऱ्या अवस्थेत शिकलेल्यांना आठवत नव्हतं. वास अंगाला चिकटून राहिला असेल अशी शंका नको म्हणून कोष धुऊनही पाहिले. उशिरा बनलेल्या काही चेतापेशी कोषातून टिकून जात असाव्यात असा त्यांचा कयास.

आणखी एक. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये पेंटेड लेडीचे कोष न फोडता सीटी स्कॅन केले, तेच तेच कोष पुन्हा पुन्हा. श्वासनलिकांचं जाळं अगदी सुरुवातीलाच नीट दिसलं. हे फुलपाखरू आपल्याकडेही मुबलक आहे.

स्पष्टवक्ता_नगर
स्मृतीचा प्रयोग फुलपाखरावर नाही, पतंगावर आहे. आणि झटक्याची भीती टिकली म्हणजे अळीच टिकली असं होत नाही. माझ्या मते दोन वेगळे प्राणी एकाच अंड्यात बसवलेत, एक संपला की दुसरा सुरू.

निवृत्त_मास्तर
दोन प्राणी म्हणायला माझी हरकत हृदयापाशी आहे. अळीचं तेच हृदय पुढे पतंगात जातं. दुसरी हरकत जननग्रंथींपाशी. ज्या अळ्यांची कातडी फिकट असते त्यांच्यातल्या नराच्या पाठीवर वृषणांचा पिवळट ठिपका बाहेरून दिसतो. पतंग होऊन जे करायचं त्याची तयारी अळीच्या पोटात आधीच चालू असते. संपला आणि सुरू झाला अशी रेघ तुम्ही कोणत्या दिवशी मारणार?

स्पष्टवक्ता_नगर
फुलपाखरासाठी मान्य करतो. माशीसाठी?

निवृत्त_मास्तर
माशीसाठी तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर. तिथे पाडापाडी फार मोठी असते. तरी मेंदूतल्या कित्येक पेशी, हृदयाची नळी आणि माल्पिघी नलिका तिथेही पुढे जातात, हे तुम्ही एमएस्सीला स्लाईडवर पाहिलं असेलच.

स्पष्टवक्ता_नगर
माल्पिघी नलिका पाहिल्यात. हृदयाच्या स्लाईडला मी गैरहजर होतो.

टवाळ_बंड्या
मास्तर, हजेरीपट काढा.